आवाज काढून घेतलेली येळवस

आळंदच्या बाजारात हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग लागले की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. पातीचा कांदा, कोवळी मेथी, चुक्याच्या जुड्या आणि शेंगा सोलत बसलेल्या बायकांच्या बोटांवर चढलेला काळपट हिरवा डाग. येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. कन्नड बोलणारे तिला एळ्ळ अमाशी म्हणतात, लातूरकडचे येळवस. आमच्याकडं दोन्ही चालतं, जेवण एकच असतं. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळं गाव रानात.

माय पहाटेच चूल पेटवते. भज्जीला जे रानात उगवलं ते सगळं लागतं. तुरीचे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याची भाजी, वर आंबट ताकात कालवलेलं बेसन. मग बाजरीचे उंडे, तिळाची पोळी आणि आदल्या दिवसापासून मातीच्या भांड्यात आंबत ठेवलेली अंबील. टोपली डोक्यावर घेऊन आम्ही निघतो तेव्हा ज्वारी छातीला लागलेली असते. हरभऱ्यातून चाललं की पानांवरची आंब, म्हणजे आंबट दव, पिंढऱ्यांना चरचरते. ती चरचर मला कलबुर्गीला कॉलेजात असताना आठवायची, हॉस्टेलच्या फरशीवर अनवाणी चालताना. कशाचा कशाशी संबंध नाही, पण आठवायची.

शेजारचे लोक कडब्याच्या खोपीत पाच दगड मांडून पूजा करतात. आमच्या घराण्यानं धम्म घेतला तेव्हापासून आम्ही दगड मांडत नाही. येळवस मात्र सोडली नाही. मला एकानं कॉलेजात विचारलं होतं, तुम्ही बौद्ध असून येळवस कशी करता. मी म्हटलं, तूर आम्ही पेरतो, भज्जी कोण खाणार मग?

बाहेरच्या माणसाला या दिवसाची एक गोष्ट सांगितली तरच पुढचं कळेल. येळवसेला रस्त्यानं जाणारा माणूस न जेवता जाऊ द्यायचा नसतो. ओळख लागत नाही, जात लागत नाही, भाषा लागत नाही. लोक बांधावर उभे राहून उपरणं हलवतात. गाडी थांबली नाही तर पळत जाऊन हँडल धरतात. तो म्हणतो, आत्ताच मागच्या रानात जेवलो. हे म्हणतात, मग अंबील तरी घ्या. तो म्हणतो, उशीर व्हायलाय. हे गाडीची किल्ली काढून घेतात. हा भांडणासारखा दिसणारा आग्रह आमच्या चार तालुक्यांत सगळ्यांना कळतो. खजुरीहून उमरग्याला निघालेला माणूस त्या दिवशी तिन्हीसांजेला पोचतो, पोट धरून.

माझ्या आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात येळवस केली. म्हणजे राबून केली. त्यांचं जेवण बांधाच्या पलीकडं, त्यांच्याच भांड्यात, वरून टाकलेलं. रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायचा हक्क रानाच्या मालकाला. आजोबा कुणाला बोलावणार, आणि बोलावलं तरी त्यांच्या हातचं खाणार कोण. अप्पांनी, माझ्या वडलांनी, हैदराबादला दगड फोडून जमीन घेतली तेव्हा आत विहिरीजवळचा चांगला तुकडा मिळत होता. ते अडून बसले. मला रस्त्याकडेचाच पाहिजे. मुरमाड, धुळीचा, ढोरांच्या तोंडाशी असलेला. लोक हसले. मायला कारण माहीत होतं, तिनं ते मला खूप नंतर सांगितलं. पहिल्या काही येळवसांना अप्पा रस्त्यावर उभे राहिले तर जाणारे-येणारे विचारायचे, "कुणाचं रान हे?" आणि नाव ऐकून म्हणायचे, "येतो मागून." मागून कुणी यायचं नाही. मग एका वर्षी एक ट्रकवाला थांबला. त्यानं काही विचारलं नाही, ताट ओढलं आणि म्हणाला, "और थोडा डालो अम्मा." त्याच्या नंतर हळूहळू थांबायला लागले. दुसऱ्याच वर्षी शेजारच्या रानातले गुंडप्पा अण्णा आले, मांडी घालून बसले, आणि मग दर वर्षी येतच राहिले.

तर अप्पा ज्या हातानं परक्याच्या गाडीचं हँडल धरतात, त्या हातात एवढं सगळं आहे.

ती येळवस अशीच होती. थंडी चांगली होती, तुरीला शेंग लागली होती. एक मोटरसायकल आली, वर दोघं. अप्पांनी उपरणं हलवलं, ती थांबेना, अप्पा पळाले आणि हँडल धरलं. मागून माय गेली, हातात भज्जीची पळी तशीच. माझा भाऊ मिलिंद धावला, त्याच्या हातात विळा, कारण पाहुण्यांना घरी न्यायला तो हरभऱ्याचे डहाळे कापत होता. अप्पा ओरडत होते, "ऊटा माडकोंड होगरी अण्णा," जेवून जा म्हणून. चालवणारा हसत नको नको म्हणत होता. मागून एक चारचाकी आली, जरा हळू झाली, काच खाली गेली, मग निघून गेली. आम्ही तिलाही हात केला होता.

मोटरसायकलवाला शरणप्पा, निंबर्ग्याचा. ठिबकच्या नळ्या विकतो, मागं बसलेलं पोरगं त्याच्या दुकानातलं. दोघं जेवले. शरणप्पानं पुन्हा भज्जी मागून घेतली, सावलीत आडवा झाला, गुंडप्पा अण्णांशी बी-बियाण्याच्या गप्पा मारल्या आणि डहाळ्यांची पेंढी हँडलला अडकवून गेला.

चौथ्या दिवशी माझ्या शाळेतल्या एका बाईंनी मला फोनवर काहीतरी दाखवलं. मी आळंदला एका खाजगी शाळेत समाजशास्त्र शिकवते. त्या म्हणाल्या, "बघा ना, तुमच्याच बाजूचा रस्ता वाटायलाय." मी बघितलं. त्या चारचाकीच्या काचेतून घेतलेला व्हिडिओ होता. माझा बाप एका माणसाच्या गाडीला लोंबकळत होता. माझी आई पळी उगारून धावत होती. माझ्या भावाच्या हातातल्या विळ्याभोवती लाल गोल काढला होता. आवाज नव्हता. आवाजाच्या जागी ढोल होते, सिनेमात मारामारीच्या आधी वाजतात तसले.

जेवून जा, हे दोन शब्द काढून टाकले होते, बस. बाकी सगळं खरं होतं. हे मला आजही सगळ्यात लागतं. कुणी काही रचलं नव्हतं, फक्त माझ्या बापाचं तोंड बंद केलं होतं.

सीमाभागात राहायचा एक फायदा आहे, आम्हाला तीन भाषा येतात. त्यामुळं एकच थाप तिन्हींत वाचता येते. मराठी ग्रुपवर लिहिलं होतं, महाराष्ट्रातून आलेल्या तरुणांवर कर्नाटकात हल्ला, अजून किती सहन करायचं. कन्नड ग्रुपवर होतं, मराठी लोकांनी आमच्या कन्नड माणसाला रस्त्यात अडवलं. आणि दख्खनीत आवाजाचा मेसेज फिरत होता, "बच्चे उठानेवाले पकडे गये भई, सबकू भेजो." त्या एका मोटरसायकलवर एकाच वेळी मराठी पोरं, कन्नड माणूस आणि पोरं पळवणारे बसले होते. मराठी वाचणारा कन्नड ग्रुपवर नव्हता, कन्नड वाचणारा मराठी ग्रुपवर नव्हता. दोघं शेजारी शेजारी बसून चहा पीत होते आणि दोघांना आपणच मार खाल्ला असं वाटत होतं.

फोनवरून ते यूट्यूबच्या एका चॅनलवर गेलं. चॅनल म्हणजे एक माणूस, एक माईक. त्यानं तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला. एकदा पाहिलं तर माणूस विचार करतो, पण दहादा पाहिलं की त्याला आपण तिथं होतो असं वाटायला लागतं. मग छापील पेपरात आलं, कोपऱ्यात, "असे समजते" लावून. छापून आलं म्हणजे आमच्याकडं ते झालं. मग दूरच्या कुठल्या शहरात टीव्हीवर दोन माणसं समोरासमोर बसून ओरडली. त्यांच्यातल्या एकालाही येळवस माहीत नव्हती. त्यांच्या मागच्या पडद्यावर माझी आई पळी घेऊन धावत होती, थांबत होती, परत धावत होती. तिला कधी पोचूच दिलं नाही.

आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवायचा. चॅनलवाला म्हणे ग्रुपवर होतं, पेपरवाला म्हणे चॅनलवर होतं, टीव्हीवाला म्हणे पेपरात आलंय. ग्रुपवाले म्हणायला लागले, टीव्हीवर दाखवलं म्हणजे खरंच की. थाप गावाला वळसा घालून स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून आली आणि सगळ्यांनी तिला पाट दिला.

पण ह्यातल्या कुणाचा मला गुंडप्पा अण्णांइतका राग आला नाही. अण्णा त्या दिवशी आमच्या रानात बसले होते. शरणप्पाच्या ताटाला ताट लावून जेवले होते. आठवड्यानं ते ओसरीवर आले, बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "मिलिंदनं विळा कामून उगारला असंल?"

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही तिथंच होतात की."

"व्हय, होतो. पण मी मधी पाणी आणाया गेलतो. तवा काय झालं असंल तर?"

"तुम्ही पाण्याला गेलात तेव्हा शरणप्पा झोपला होता."

"ते हाय," अण्णा म्हणाले. "पण टीव्हीवर दावायलेत ना पोरी. इतके लोक खोटं कशाला दावतील? त्यांना आपल्याशी काय देणंघेणं?"

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं, तोंडानं खाल्लेलं होतं, आणि तरी त्यांना स्वतःच्या डोळ्यांपेक्षा पडद्यावर जास्त भरवसा वाटत होता. मी समाजशास्त्रात या गोष्टीचे धडे वाचले आहेत. पुस्तकात ते दूरच्या देशांत घडतं, मोठ्या युद्धांत. आमच्या ओसरीवर तंबाखू मळत बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी शरणप्पाला शोधून काढलं. नळ्यांच्या दुकानावरनं नंबर मिळाला. त्याला सगळं माहीत होतं. म्हणाला, "अक्का, माझ्या मेव्हण्यानंच मला पाठवला तो. म्हणे, भावजी, त्या रस्त्यानं जाऊ नका, लोक लई खराब हाईत. मी म्हणलं, अरे शहाण्या, तो गाडीवरचा मीच हाय. तर म्हणे, मग तुम्ही कंप्लेंट कामून दिली न्हाई?"

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? म्हणलं भज्जीत मीठ बरोबर होतं, कशाची कंप्लेंट देऊ?"

चॅनलवाला त्याच्याकडंही जाऊन आला होता. पीडित म्हणून मुलाखत घ्यायला. शरणप्पानं सांगितलं, मला जेवायला बोलावलं, मी जेवलो, डहाळे घेऊन घरी गेलो. माईकवाल्यानं विचारलं, पण सुरुवातीला भीती वाटली का? हा म्हणाला, वाटली, माझं पोट आधीच्या रानात भरलं होतं, आता कुठं खाऊ म्हणून भीती वाटली. दुसऱ्या दिवशी चॅनलवर एवढंच आलं, "वाटली."

मीही स्वस्थ बसले नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. शिकून काय केलंस असं कुणी विचारलं तर सांगायला काही हवं. मी शरणप्पाला बसवून त्याचं पूर्ण बोलणं फोनवर घेतलं, तिन्ही भाषांत खाली लिहिलं आणि ज्या ज्या ग्रुपवर तो तुकडा होता तिथं पाठवलं. बहुतेकांनी बघितलंही नाही. एकानं अंगठा दिला. एक जण म्हणाला, मॅडम, ग्रुपवर राजकारण नको. पेपरवाल्याला भेटले तर तो सभ्यपणे म्हणाला, "आता ती बातमी जुनी झाली, मॅडम." खोटं ताजं होतं, खरं येईपर्यंत शिळं झालं होतं. एक माणूस जेवून घरी गेला, ही कुणाला पुढं पाठवावीशी वाटणारी गोष्टच नाही.

त्या दिवसांत मला आजोबा फार आठवायचे. दवंडी द्यायचं काम आमच्या घराकडं होतं. वरून सांगतील ते गल्लोगल्ली ओरडत फिरायचं. अमक्याच्या विहिरीवर जाऊ नका. तमक्याला वाळीत टाकलंय. कधी कधी ते वाळीत टाकणं आपल्याच भाऊबंदांचं असायचं, तरी आजोबांनाच ओरडावं लागायचं. खरं का खोटं, असं विचारायची सोय नव्हती. आपलं तोंड दुसऱ्याला वापरू द्यायचं आणि भाकरी घ्यायची. ते काम आमच्या लोकांनी सोडलं, ते सोडण्यासाठी मार खाल्ला, गावं सोडली. आणि आता बघते तर शिकलेसवरलेले, चांगल्या घरचे लोक खिशातून फोन काढून तेच काम फुकट करायलेत. कुणी सांगितलं, का सांगितलं, विचारत नाहीत. सबकू भेजो म्हटलं की सबकू भेजतात. माझ्या आजोबांवर बळजबरी होती. ह्यांच्यावर कुणाची आहे?

आणि आजोबांना निदान चेहरा होता. दवंडीवाला कोण, कुठल्या गल्लीचा, सगळ्यांना माहीत. चुकीचं ओरडला तर लोक त्याच्या दारात यायचे. माझ्या आईला हल्लेखोर करणारा कुठं राहतो ते मला अजून माहीत नाही.

एक पोलीस चौकशीला आला होता. भला माणूस, आमच्याच भागातला. सगळं ऐकून घेतलं, हसला, चहा प्याला. जाताना अप्पांना म्हणाला, "काका, तुमची काय चूक न्हाई. पण पुढच्या साली रस्त्यावर उभं राहू नका. दिवस कसले आलेत बघायलात ना."

अप्पा पुढच्या साली उभे राहिले नाहीत.

ती येळवस मी विसरणार नाही. तूर आदल्या वर्षीपेक्षा चांगली होती. मायनं तेवढीच भज्जी केली, सवयीनं. अप्पा खोपीत रस्त्याकडं पाठ करून बसले. गाडीचा आवाज आला की त्यांची मान जराशी फिरायची आणि परत ताटाकडं यायची. मिलिंदनं डहाळे हातानं उपटले, विळा घरीच ठेवला होता. शेजारच्या रानांतूनही फारसं कुणी रस्त्यावर आलं नाही. दुपारी मायनं उरलेल्या भज्जीवर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "ढोरं खातील." अप्पांनी हात धुतले. ज्या माणसानं लोकांच्या "येतो मागून"पुढं वर्षानुवर्षं हार मानली नव्हती, त्याला एका आवाज नसलेल्या तुकड्यानं बसवलं होतं. मला तेव्हा कळलं की त्या थापेला आमच्याकडून काय हवं होतं. लोकांनी आम्हाला भ्यावं, एवढ्यानं तिचं भागत नव्हतं. आम्ही लोकांना बोलवायचं थांबावं, तिथं तिचं काम पुरं होत होतं.

माणूस माणसाच्या ताटाजवळ बसला की त्याच्याबद्दलची ऐकीव गोष्ट तिथंच मरते. म्हणून त्यांना ताटं लांब लांब पाहिजेत.

यंदा मी आठ दिवस आधीच अप्पांना सांगितलं. मी रस्त्यावर उभी राहणार.

अप्पा म्हणाले, "कशाला गं. शाळेत नोकरी करायलीस. परत कुणी फोटो काढलं, तर तुझं नाव जाईल."

"काढू द्या."

"तुला काय समजत न्हाई."

"अप्पा, तुम्ही हैदराबादेत दगड फोडले ते मला समजावं म्हणून. समजलंय मला."

माय चुलीपाशी बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या तिला. भज्जी मी जास्तच करणार हाय. न्हाई तर परत ढोरं खातील."

काल येळवस झाली. मी बांधावर उभी राहिले, अप्पांचं उपरणं घेऊन. पहिली गाडी थांबली नाही. दुसऱ्या मोटरसायकलवाल्यानं मला बघून वेग वाढवला. एका चारचाकीची काच खाली झाली आणि आतून फोन बाहेर आला. मला तो क्षण आधीपासून माहीत होता. मग मी त्या फोनच्या जवळ गेले आणि म्हटलं, "घे, व्हिडिओ घे. आवाजासकट घे. माझं नाव पण सांगते." आणि मराठीत म्हटलं, जेवून जा. कन्नडमध्ये म्हटलं, ऊटा माडकोंड होगरी. दख्खनीत म्हटलं, खाना खाको जाव भई. आतला मुलगा गोंधळला. फोन आत गेला, काच वर गेली, गाडी गेली. जाऊ दे. ह्या वेळी कापायला त्याला तीन भाषा आहेत.

ऊन चढलं. माझा हात दुखायला लागला. शेजारच्या बांधावरून गुंडप्पा अण्णा बघत होते, येत नव्हते. तेवढ्यात मागं ज्वारीत सळसळ झाली. अप्पा आले होते. त्यांनी माझ्या हातातलं उपरणं काढून घेतलं. म्हणाले, "असं हलवतात व्हय? लांबून दिसायला नगं?"

एक मोटरसायकल येत होती, महाराष्ट्राच्या नंबरची. अप्पा पळाले नाहीत, आता त्यांचे गुडघे दुखतात. ते सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. गाडी बऱ्याच अलीकडं थांबली. पोरगं पंचविशीतलं होतं. एक पाय जमिनीवर, इंजिन चालू, नजर अप्पांच्या हातांवर. मग माझ्याकडं, मग मिलिंदकडं. मिलिंदच्या हातात विळा होता. त्यानं तो यंदा घरी ठेवला नव्हता.

"काय काम हाय?" पोरानं लांबूनच विचारलं.

अप्पा म्हणाले, "काम काय न्हाई. जेवायचं हाय."

गाडी तशीच धडधडत राहिली. पोरानंही तो तुकडा कधीतरी पाहिला असणार, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मुठीत घट्ट धरून आमच्यामागं बांध उतरला. खोपीत बसला तरी मूठ उघडली नाही. अप्पांनी ती बघितली आणि न बघितल्यासारखं केलं. मायनं त्याच्यापुढं ताट ठेवलं, पळीभर भज्जी वाढली आणि भाकरी दोन्ही हातांनी पुढं केली. भाकरी मोठी होती, जाडजूड होती. एका हातात मावणारी नव्हती. त्यानं किल्ली खाली मातीत ठेवली.